फणसाचं घटलेलं वजन

चांद्रवसाहतीच्या जकात कक्षात फणस पुन्हा काट्यावर चढवला गेला. वजन पुन्हा कमीच भरलं.

"कोणी गरे काढले असतील," जकातप्रमुख घोन्साल्विस म्हणाले.

"न फोडता, सर?" वैदेही पाटणकर म्हणाली. वनस्पती-आरोग्याचं काम तिच्याकडे होतं. बोलताना ती खांद्यावरच्या तान्ह्या लेकीला, तनूला, थोपटत होती. सकाळपासून दोघींनाही चैन नव्हतं. संध्याकाळचं यान वैदेहीला पृथ्वीवर नेणार होतं, तनूला नाही. तनू चंद्रावर जन्मली, म्हणजे नियमाने स्थानिक जीव, आणि स्थानिक जीव बाहेर नेण्यास बंदी. तिच्या बापाने तिला अजून पडद्यावरच पाहिलं होतं. तनूला सोडून जायचं, नाहीतर तिचा परवाना येईपर्यंत दोन वर्षं थांबायचं.

"आपली कमान खोटं बोलत नाही," घोन्साल्विस म्हणाले. प्रदर्शनासाठी तात्पुरत्या आणलेल्या फळात खूणकार्बन, म्हणजे ओळखू येणारा वेगळा कार्बन, असे. पृथ्वीवर ते वेगळ्या हवेत वाढवलं जाई, म्हणून त्याचा कणही खूणवेधी कमान ओळखे. प्रदर्शन संपलं की खूण असलेला प्रत्येक कण परत जायचा किंवा भस्मकात जळायचा. या नियमापुढे बाकीचे सगळे नियम दुय्यम. "घटलेला माल इथेच कुठेतरी आहे. शोध."

वैदेहीचं थोपटणं थांबलं.

"सर, फणस पिकताना श्वास सोडतो. प्रदर्शनात त्याची पेटी उघडी ठेवायची परवानगी मीच दिली. लोक म्हणाले, वासाशिवाय कसला फणस बघायचा."

"मग?"

"काही वजन नुसतं पाणी होऊन गेलं. बाकीचा कार्बन आपल्या हवेत. हवा शेवाळटाक्यांत जाते, शेवाळाच्या भाकऱ्या आपण खातो." ती अडखळली. "आणि मी हिला पाजते."

ती कमानीखालून गेली. कमान वाजली. मग तिने तनूला घोन्साल्विसांच्या हातात दिलं. "आता तुम्ही हिला नुसती धरा, कमानीखाली. तुम्ही अलीकडेच थांबा."

कमान वाजली. तनू दचकली आणि रडायला लागली.

"अगं बाई, रडू नकोस, मीच घाबरलोय," घोन्साल्विस पुटपुटले.

"ती आता प्रदर्शनाचा माल आहे, सर. परत पाठवायलाच हवी."

"किंवा भस्मकात," ते म्हणाले आणि स्वतःच जीभ चावली.

"भस्मकात जाळूनही खूण नाहीशी होत नाही. त्याचा धूर आपण टाक्यांत सोडतो, चंद्रावर कार्बन कोण फुकट घालवणार? खूण पुन्हा भाकरीत येते. उरतो एकच मार्ग."

 घोन्साल्विसांनी तनूच्या दुपट्यावर 'परत' अशी पट्टी चिकटवली. वैदेहीने डोळे पुसले नाहीत. हात तनूला घ्यायला पुढे केलेले होते.

तनूला तिच्याकडे देऊन, "थांब," म्हणत ते स्वतः कमानीखाली उभे राहिले. कमान वाजली. अकरा वर्षं ते वसईला घरी गेले नव्हते.

"यानात जागा किती गं?"

"माझी धरून सहा. तनू मांडीवर. त्यातली एक फणसाची."

त्यांनी फणसाकडे पाहिलं. आवाज ऐकून दाराशी माणसं जमली होती, आणि न विचारताच एकेक जण कमानीखालून जाऊन बघत होता. कमान प्रत्येकाला वाजत होती.