जुना भाग मागून घ्या

मोबाइल खाली ठेव आधी. उजेड तोंडावर पडला की तूच भूत दिसतेस, मग मी घाबरवायचं कुणाला? हं. आणि तुला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन ये. नंतर एकटीने स्वयंपाकघरात जायची छाती होणार नाही.

तर ही गोष्ट माझ्या साडूची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. गॅरेज होतं त्याचं. इंजिनावर लांब पान्हा टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवतो. नंतर सांगायला मला जमेलच असं नाही.

मे महिना होता. पंधरा तारीख संपून सोळा लागलेली. रात्री पावणेदोनला त्याच्या घरातला पंखा बंद पडला. फ्यूज उडाला होता. त्याची बायको वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, "जगाच्या गाड्या नीट करता आणि घरातला एक फ्यूज तुमच्याने टिकत नाही. जा, गॅरेजमधून तार तरी घेऊन या."

काम साधं होतं. गॅरेज चार मिनिटांवर. कानसेनने टॉर्च घेतला, किल्ल्या घेतल्या, पायात चपला सरकवल्या. झोपमोड वगैरे काही झाली नव्हती, कारण चौदा दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. अंधार पडल्यावर गॅरेजकडे फिरकायचंही त्याने सोडलं होतं. का, ते सांगतो.

गावात एक मधवाला होता. मधमाश्या पाळायचा. दिवसा माश्या बाहेर असतात, रात्री पेटीत परततात. म्हणून पेट्या एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायच्या तर रात्रीच. दारं बंद करायची, पिकपमध्ये चढवायच्या आणि निघायचं. धाकटा भाऊ गाडी चालवायचा आणि हा शेजारी बसून मागच्या पेट्यांच्या गुणगुणीकडे लक्ष ठेवायचा. तर एप्रिलमध्ये तो पिकप घेऊन आला. "मिस्त्री, सकाळी सुरू करताना खळखळते. मग आपोआप थांबते."

कानसेनने पान्हा कानाला लावला आणि निदान केलं. इंजिनाच्या आत सायकलच्या चेनसारखी साखळी असते. ती सैल पडू नये म्हणून बोटाएवढी एक लोखंडी नळी तिला दाबून धरते. तिला म्हणतात टेन्शनर. तो झिजला की गाडी सुरू करताना साखळी तीन-चार सेकंद खळखळते, मग तेलाचा दाब चढतो आणि आवाज जातो. माणसाला वाटतं, बरं झालं. पण साखळी एक दिवस दातांवरून उडते आणि इंजिन जागच्या जागी गप्प होतं. त्या गाडीला असे दोन टेन्शनर होते. पुढचा समोर, हाताशी. मागचा केबिनच्या भिंतीला चिकटून. तिथे हात घालायचा तर आधी एक्झॉस्टचा पाइप सोडवायला हवा, आणि त्याचे बोल्ट गंजून बसलेले. अर्ध्या दिवसाचं काम.

पुढचा त्याने तासाभरात बदलला. घड्याळात पाहिलं. चार वाजले होते आणि साडेचारला कॅरमची स्पर्धा होती.

हसू नका. कॅरमची स्पर्धाच होती. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं. निदान काही भारदस्त कारण असतं तर त्याला स्वतःला सांगायला तरी बरं वाटलं असतं. मागचा नंतर करू, महिन्याभराने ऑइल बदलायला येईल तेव्हा पाइपही सोडवू, असं म्हणून त्याने हात धुतले. स्पर्धेत तिसरा आला. बक्षीस मिळालं टॉर्च.

संध्याकाळी मधवाला गाडी न्यायला आला. आता गॅरेजच्या भिंतीवर कानसेनने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : 'बदललेला जुना भाग मागून घ्या.' फार अभिमान होता त्याला त्या पाटीचा. मधवाल्याने ती वाचली आणि हसून हात पुढे केला.

पुढचा जुना टेन्शनर तयार होता. मागचा कुठून द्यायचा? तो तर गाडीतच होता. कानसेन आत गेला. भंगाराच्या डब्यात दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा एक जुना टेन्शनर पडला होता. त्यावर हिरव्या रंगाचा थेंब सांडून वाळलेला. त्याने तो फडक्याने पुसला आणि पुढच्याबरोबर मधवाल्याच्या तळहातावर ठेवला.

"दोन्ही?" मधवाल्याने विचारलं.

"दोन्ही."

"मग घाटाची काळजी नाही." त्याने दोन्ही नळ्या शर्टाच्या खिशात टाकल्या आणि खिशावर हात थोपटला.

मेच्या दोन तारखेला, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, ती गाडी घाटात कोसळली. चाळीस पेट्या होत्या मागे. मधवाला जागच्या जागी गेला. धाकट्याचा हात मोडला, पण वाचला. तो पोलिसांना सांगत होता, आधी खळखळ झाली, मग इंजिन गप्प झालं, स्टिअरिंग दगड झालं, ब्रेक लागेना. ऐकतंय कोण! रात्री दोनची वेळ, उताराचा रस्ता. सगळे म्हणाले, डुलकी लागली आणि आता गोष्टी रचतोय.

कानसेन भेटायला गेला. जावंच लागलं. मधवाल्याची बायको दाराशी बसली होती. म्हणाली, "तुम्ही गाडी नीट केली होती हो. दोन्ही जुने भाग त्यांच्या खिशात सापडले. पोलिसांच्या पाकिटात आहेत. गाडीत खोट नव्हती, मिस्त्री. माझ्या दिराने डोळे मिटले." आणि तिने आत जाऊन त्याच्यासाठी चहा आणला.

कानसेन तो चहा प्यायला. सगळा. हे त्याने मला सांगितलं तेव्हा पुन्हा पुन्हा हेच सांगत होता. मी चहा प्यायलो रे. बशी पुसून घेतली. अंगणात तो पोरगा गळ्यात हात अडकवून बसला होता. तिने त्याला घरात घेतलं नव्हतं. बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, रिकाम्या पेट्यांच्या मधे झोपत होता. आणि दोन-चार दिवसांनी तो स्वतःच म्हणायला लागला, की असेल, लागली असेल डुलकी, मला आठवत नाही.

अशी चौदा दिवसांची गोष्ट. आता गॅरेजकडे चला.

रस्त्यावर कुणी नव्हतं. कुत्रंही नाही. कोपऱ्यावरचा दिवा चालू होता. कानसेनने शटरपाशी टॉर्च बगलेत धरला, वाकून कुलपात किल्ली घातली.

आत गाडी सुरू झाली.

गॅरेज रिकामं होतं. संध्याकाळी त्यानेच झाडून बंद केलं होतं. पण आवाज आतूनच आला. स्टार्टर फिरला... मग खळखळ. एक, दोन, तीन सेकंद. मग थांबली. आणि तिच्या मागे एक बारीक गुणगुण राहिली. इंजिनाची नव्हती ती. कानसेनला इंजिनं कळत होती.

पळून का नाही गेला, म्हणतोस? मीही विचारलं. तो म्हणाला, खरं सांगू का, मला वाटलं, आलंच शेवटी.

त्याने शटर गुडघ्याएवढं उचललं. आतून धुराचा वास आला. माश्यांना शांत करायला गवत जाळतात, तसला. आणि मधाचा. तो वाकून आत शिरला.

गाडी नव्हती. गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर फळ्या तशाच होत्या. पण कामाच्या टेबलाशी कुणी तरी उभं होतं. पाठमोरं. खिशात हात घालून काही तरी शोधत होतं.

"मिस्त्री, टॉर्च जरा इकडे धरा."

कानसेनने धरला. उजेड आधी भिंतीवरच्या पाटीवर पडला, मग टेबलावर आला.

"टॉर्च नवा दिसतो."

 

त्या माणसाने एक नळी टेबलावर ठेवली. टक. "ही माझ्या गाडीतली." मग दुसरी ठेवली. टक. उजेडात हिरवा थेंब दिसला. "ही माझी नाही वाटतं."

आवाजात राग नव्हता. दुकानदाराने सुटे पैसे देताना चुकून दुसऱ्याची नोट दिली तर आपण कसं सांगतो, तसं.

आता ऐका. माझ्या साडूला मी ओळखतो, आणि तरी पुढचं सांगताना मलाच मान खाली घालावीशी वाटते. मेलेला माणूस समोर उभा. इतक्या साध्या आवाजात विचारतोय. आणि कानसेनच्या तोंडून आलं,

"दोन्ही तुमचेच, दादा."



"बरं," तो माणूस म्हणाला. पहिल्यांदा ठेवला होता तसाच विश्वास त्याने पुन्हा ठेवला. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. मग धाकटाच झोपला."

आणि गाडी सुरू झाली.

खळखळ. एक... दोन... तीन...

थांबली नाही.

चार... पाच... टेबलावरचे पान्हे हलायला लागले. शटर वाजायला लागलं. गुणगुण वाढली. कानात शिरली. टॉर्च पिवळा पडला... मग लाल... पाठमोरा माणूस वळायला लागला. सावकाश. खांदा दिसला. खिसा दिसला. फाटलेला...

"नाही बदलला!"

कानसेन ओरडला.

"मागचा नाही बदलला. हातच नाही लावला त्याला. कॅरम खेळायला गेलो होतो, दादा... धाकटा झोपला नव्हता... मी..."

गाडीचा आवाज तुटला. एकदम.

काही नाही. अंधार. दूर कुठे तरी पाण्याच्या टाकीची टपटप.

त्याने खिशातून मोबाइल काढून पाहिला. दोन वाजून दहा मिनिटं.

माझं दार वाजलं तेव्हा तीन वाजून गेले होते. दारात कानसेन. अंगातला शर्ट ओला, आणि उजवी मूठ अशी घट्ट मिटलेली, की मी विचारलं, हाताला लागलंय का. तो म्हणाला, "उजाडलं की माझ्याबरोबर चल. एकट्याने गेलो तर मी पुन्हा चहा पिऊन परत येईन."

मग त्याने मला सगळं सांगितलं.  मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सहा वाजता आम्ही मधवाल्याच्या अंगणात होतो. धाकटा शेडच्या दारात बसलेला. मधवाल्याची बायको, म्हणजे वहिनी, ओट्यावर. कानसेन बसलाच नाही. उभ्या उभ्या सांगितलं सगळं. मागचा टेन्शनर, कॅरम, भंगाराचा डबा. रात्रीचं तेवढं नाही सांगितलं.

धाकटा उठला. मला वाटलं, आता मारतो. मारायलाच हवं होतं. पण त्याने नुसतं विचारलं, "म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नाही."

"नक्की ना, मिस्त्री? नक्की?" आणि तो पोरगा मोडक्या हातात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडायला लागला.

वहिनी मात्र ताडकन उठल्या. "खोटं आहे! याला वाचवायला आलात तुम्ही. दोन भाग होते त्यांच्या खिशात, दोन! यादीत लिहिलंय." त्या आत गेल्या आणि पोलिसांनी दिलेलं खाकी पाकीट घेऊन आल्या. उघडायचा धीर झाला नव्हता त्यांना अजून. वरच्या कागदावर लिहिलेलं होतं : घड्याळ एक, रुमाल एक, लोखंडी नळ्या दोन.

त्यांनी लाखेची सीलं आमच्यासमोर फोडली. पाकीट ओट्यावर उलटं केलं.

घड्याळ पडलं. रुमाल पडला. एक नळी पडली.

त्यांनी पाकीट झटकलं. आत हात घातला. पुन्हा झटकलं.

कानसेनने रात्रीपासून मिटलेली मूठ तेव्हा उघडली. हिरव्या थेंबाची नळी त्याने पहिलीशेजारी ठेवली, आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

वहिनी त्या दोन्हींकडे पाहत राहिल्या. मग शेडकडे न बघताच म्हणाल्या, "भाऊजी, आत या. बाहेर का बसलाय?"

पाकीट मी उचलून पाहिलं होतं. चारी बाजूंनी. लाखेची सीलं तीन होती. तिन्ही वहिनींनी फोडली तेव्हाच फुटली होती.