बंदीतला गळ

"ओ पाव्हणं, गळ वर काढा आधी!"

डोहाच्या खडकावर बसलेला तरुण इतका दचकला की त्याची एक चप्पल पाण्यात पडली. मनकर्णानं ती काठीनं ओढून काढली... पण दिली नाही.

"श्रावण चाललाय. मासळी अंडी घालती. ह्या दिवसांत हितं गळ न्हाई, जाळं न्हाई. संस्थेचा नेम हाय."

"माहीत नव्हतं मला..."

तिनं दोरी ओढली. गळ रिकामा होता. ना गांडूळ, ना कणकेची गोळी.

"आमिष कुठाय?"

"संपलं."

"मग बसलाय कशाला?"

तो नुसता हसला. हसणं छान होतं, म्हणूनच तिला जास्त संशय आला.

साल १९९४. नेवाशाजवळ प्रवरेकाठी भोयांची वस्ती होती आणि मनकर्णाचे, म्हणजे मनूचे, वडील बन्सी तिथल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. यंदा बंदीत कुणीतरी चोरून मच्छरदाणीचं जाळं लावत होतं. बोटाएवढी पिल्लंसुद्धा त्यात मरायची. हे असंच चालू राहिलं तर संस्थेचा नदीचा ठेका जाणार, आणि ठेका गेला तर अख्खी वस्ती उघड्यावर. म्हणून मनू रोज डोहावर फेरी मारायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच! गळ नव्हता. नाव पंकज, गाव तिसगाव, एवढंच त्यानं सांगितलं.

"तिसगावला नदीला पानी कुठाय? गळ कुणी शिकवला तुमाला?"

"शिकतोय अजून."

"आन् काल टपरीवर इचारत हुता, मरळ कुठं मिळंल म्हणून. बंदीत मरळ इकत घेनारा मानूस चांगला नसतो."

"माझ्या मागावर आहात?"

"व्हय."

"आणि तुमचं काय हो? धुणं तर वरच्या घाटावर धुतात. तुम्ही इथं कुणासाठी पहारा देता? जाळंवाल्यासाठी?"

मनूच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी घरी भाकरी थापताना त्याचे शब्द आठवत राहिले... आणि शब्दांपेक्षा डोळे. तव्यावरची भाकरी करपली. आईनं, राहीबाईनं, आधी भाकरीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

मग ते रोजचंच झालं. भुरभुर आली की दोघं एकाच बाभळीखाली उभी राहायची, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"तुमच्यावर ध्यान ठिवायला आलीय," ती म्हणायची.

"मग नीट ठेवा. सारखं नदीकडंच बघता..."

ती गाल फुगवून खरोखर नदीकडं बघत राहायची.

एका सकाळी त्याच बाभळीच्या मुळाशी पंकजला एक दोरी दिसली. दोघांनी मिळून ओढली. बारीक जाळं वर आलं, आत चंदेरी पिल्लांची तडफड. मनूनं ओंजळी भरभरून ती पाण्यात सोडली. मग दोरीच्या गाठीवर तिचा हात थबकला. डावखुरी गाठ. वस्तीत अशी गाठ एकच माणूस मारायचा... छगनदादा, तिचा सख्खा भाऊ.

"ओळखलीत?"

"न्हाई."

पंकजनं हातातली दोरी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "मनू, मी मत्स्य खात्यात आहे. रिकामा गळ घेऊन बसलो, मरळ विचारली, की बंदी न पाळणारा समजून कुणीतरी चोरटा माल विकायला येईल, असं वाटलं. ह्या जाळ्यासाठीच पाठवलंय मला."

"म्हंजी रोज ग्वाड बोलत हुता, ते..." तिनं जाळं आपल्याकडं ओढलं. "करा मग तुमचं काम!"

"आज मी काही करणार नाही. संस्थेनं स्वतः चोर पकडला, तर ठेका वाचेल. बघ."

हाही फास असेल? तिला ठरवता येईना. पण पिल्लं तर खरीच मरत होती. ओलं जाळं खांद्यावर टाकून ती तडक देवळाच्या ओट्यावर गेली. तिथं वस्तीतली माणसं बसली होती. तिनं जाळं वडिलांपुढं टाकलं.

"आबा, हे दादाचं हाय."

छगन आधी ओरडला, मग त्यानं मान खाली घातली. जाळं तिथंच जाळलं. दिवाळीपर्यंत छगननं पाण्यात पाय घालायचा नाही, असं बन्सीनं सांगितलं. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी पंकज डोहावर होता. "संस्थेनंच चोर धरला, असं कळवलंय. ठेक्याला धोका नाही."

मनूनं मान हलवली. जायला वळली, थांबली.

"खरं सांगायचं... माझ्याशी बोलायचा ते जाळ्यासाठीच?"

"पहिल्या दिवशी, हो."

"आन् नंतर?"

"नंतर... जाळं सापडूच नये असं वाटायला लागलं. सापडलं की मला दुसऱ्या नदीवर पाठवणार."

तिनं त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. बराच वेळ. त्यानं नजर चुकवली नाही.

"चला घरी," ती म्हणाली. "आई इचारंल कोन म्हणून. काय सांगायचं ते तुमी ठरवा."

दारातच राहीबाई सूप घेऊन उभी होती. तिनं पंकजला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोन रं तू?"

"मी... खात्यातला... म्हणजे, मनूला मागणी घालायला आलोय."

मनूनं पदराआड तोंड लपवलं. राहीबाईचे डोळे अजून बारीकच होते.

"भाकरी करपिती ती. चालंल?"

"चालेल."

"मग आत ये. तिचा बाप हाय आत... त्याला पन सांग."