चोवीसशे वाचक आणि ती

तक्तेबाई दुकानात शिरली तेव्हा चाळीस खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि एकीवरही कोणी बसलेलं नव्हतं. दारात कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिचे पाय जागीच थबकले.

"या, या! पहिल्या आलात तुम्ही. बसा ना... कुठंही बसा. बाकीचे येतीलच इतक्यात."

बाकीचे कोणीही येणार नव्हते. हे जगात फक्त तिलाच ठाऊक होतं, आणि तेच सांगायला ती आली होती.

झालं होतं असं. ती एका कंपनीत प्रोग्रामर. कशाचाही तक्ता करायची सवय, म्हणून ऑफिसात तिचं नावच तक्तेबाई पडलेलं. वेबसाइटवरची माहिती आपोआप गोळा करणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत वेगवेगळ्या असतात. त्यांतली सरस कुठली, हे ठरवायचं काम तिच्याकडे आलं. पायथन, जावास्क्रिप्ट, जावा आणि गो अशा चार भाषांतल्या चौघी तिनं निवडल्या, आणि परीक्षेसाठी एक साधीसुधी साइट धरली. कुण्या घड्याळवाल्याची. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाचं एक पान, अशी सहाशे पानं. तीन आठवडे रोज चौघीही सगळी पानं चाळून यायच्या. तक्तेबाईनं स्वतः मात्र पहिल्या दिवसानंतर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

काल सकाळी पायथनवाली, जावावाली आणि गोवाली हात हलवत परत आल्या. काय बिघडलं म्हणून तक्तेबाईनं साइट उघडली, तर साइटचं रूपच पालटलेलं, आणि वर ठळक अक्षरांत — 'रोजच्या चोवीसशे वाचकांना आग्रहाचं निमंत्रण! शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, आमच्या दुकानात.'

सहाशे गुणिले चार. तो मोजत होता ते वाचक नव्हतेच, तिच्या चौघींच्या रोजच्या फेऱ्या होत्या.

आता ती कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. तो तरुण घड्याळवाला दारापर्यंत जायचा, रस्ता न्याहाळायचा, परत यायचा.

"चोवीसशे माणसं एकदम वाट चुकली का रे?" काउंटरमागून त्याच्या आत्यानं विचारलं. मग चष्म्यावरून तक्तेबाईकडे पाहिलं. "तू कोणाबरोबर आलीस गं?"

"मी एकटीच. म्हणजे..." तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "सगळे मीच आहे."

आणि एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. आत्याला हसू आवरेना. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. घड्याळवाला हसला नाही. पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर तो हळूच बसला.

"म्हणजे... कोणीच वाचलं नाही?"

"प्रोग्राम वाचत नाहीत हो. नुसतं उचलतात."

तो उठला आणि गुपचूप एकेक खुर्ची उचलून एकावर एक ठेवायला लागला. तिला ते बघवेना.

"मी वाचलं पण! कालपासून एकशे बारा पानं झाली. त्या आजींचं घड्याळ... अकरा मिनिटं पुढे होतं. तुम्ही बरोबर लावून दिलंत आणि त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. आजोबा हयात असताना त्यांना कायम उशीर व्हायचा, म्हणून त्यांनीच ते पुढे ठेवलेलं. तुम्ही लिहिलंय — 'पुन्हा पुढे करायला अर्धं मिनिट लागलं. मग तासभर हाताला दुसरं काम सुचलं नाही.' मी ऑफिसात रडले. शेजारच्याला सर्दी झालीय म्हणून सांगितलं."

खुर्ची हातात धरून तो तसाच उभा राहिला. कान लालबुंद.

"ते पान मी पुसून टाकणार होतो," तो म्हणाला.

"खबरदार!"

आत्या एकाएकी चहा टाकायला आत गेली.

"बरं, मग पहिली कोण आली तुमच्या परीक्षेत?" जरा वेळानं त्यानं विचारलं. आवाजात अजून थोडी घुश्शाची धार होती.

"गोवाली सगळ्यांत चपळ. जावावाली शिस्तीची, विस्कटलेलं पानही नीट लावून घेते. पायथनवाली माझी लाडकी, पण तुमची नवी साइट वर सरकवली की मगच मजकूर दाखवते ना? तिथं या तिघीही फसल्या. जावास्क्रिप्टवाली खरोखरचा ब्राउझर उघडून माणसासारखी बघते. फक्त... फार जड आहे, मशीन धापा टाकतं."

"आणि तुम्ही?"

"मी?" ती गोंधळली. "मी सगळ्यांत हळू. एका पानाला चार मिनिटं."

"चालेल," तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसला. "मला घाई असलेली माणसं रोज भेटतात."

अहवाल पुढच्या आठवड्यात गेला. उरलेली पानं मात्र तक्तेबाई दर शनिवारी दुकानातच येऊन वाचायची. तो भिंग डोळ्याला लावून काम करायचा आणि भलत्याच स्क्रूकडे बघत राहायचा. ती मधेच मान वर करायची, की दोघांचीही नजर पळायची. "अरे, ते घड्याळ उलटं धरलंयस," आत्या म्हणायची.

सहाशेवं पान संपलं त्या दिवशी तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. बस समोर दिसायला लागली तसा तो चुळबुळला.

"आता पुढच्या शनिवारी..."

"पानं संपली ना. येऊ नको?"

"नाही! म्हणजे — या. पण शनिवारपर्यंत थांबवत नाही हो मला. आवडता तुम्ही... फार."

बस आली, थांबली, निघूनही गेली. तिनं चढायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मग मी उद्याच येते," ती म्हणाली.

"उद्या रविवार. दुकान बंद असतं."

"म्हणूनच तर."