रोटर काढलास ना?

गाडी मैदागिनच्या चौकात आणि घर ब्रह्माघाटाला, अशी आमची गत होती. मधल्या गल्ल्यांतून सांड जातो, सायकल जाते, फियाट जात नाही. बाबा ती श्रीरामच्या चहाच्या ठेल्यासमोर लावत आणि पंधरा मिनिटं चालत घरी येत. गोदौलियाच्या बाजारातून त्यांची स्कूटर एकदा चोरीला गेली होती. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. बाबा तर ताकाच्या भांड्यालाही कुलूप लावतील असे होते.

बोनेट उघडून इंजिनातला, काळ्या टोपणाखालचा रोटर काढून घ्यायचा, हा त्यांचा नेम. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, पण तो नसला की गाडी चालू होत नाही. तो रुमालात गुंडाळून खिशात घालायचा, घरी आईला दाखवायचा, मगच चहा. आई चिडवायची, "अहो, त्याचीही आरती करा आता!"

पंच्याण्णव सालच्या थंडीत त्यांना हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी जिना उतरायला मनाई केली आणि गाडी माझ्याकडे आली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते.

त्या सोमवारी संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. गाडी लावली तेव्हा बोटं बधिर झाली होती. एक दिवस रोटर नाही काढला तर काय आभाळ कोसळतंय, असं म्हणत मी घरी आले.

बाबा खाटेवर उठून बसले. "देवश्री, रोटर काढलास ना?"

"काढला."

"दे इकडे."

"पर्समध्ये आहे. नंतर देते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मंगळवारी पहाटे ते गेले.

त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं हेच, आणि तेही खोटं. आईने त्यांचा तो रुमाल, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने त्यांच्या नावाचा 'र' भरलेला, त्यांच्या मुठीत दिला. दुपारी त्यांना मणिकर्णिकेच्या घाटावर नेलं. आम्ही बायका दारातूनच मागे फिरलो.

बुधवारी संध्याकाळी काका मुगलसराय स्टेशनवर उतरणार होते. आई म्हणाली, "गाडी घेऊन जा गं." तेव्हा मला गाडी आठवली. बाबांनी जिवापाड जपलेली ती एकच वस्तू, आणि मी ती उघड्यावर टाकून आले होते. खिळ्यावरची किल्ली घेऊन मी धावतच निघाले.

गाडी होती. मात्र दाराची काच फुटलेली, डॅशबोर्डखालच्या तारा ओढून काढलेल्या. शेजारच्या दोन गाड्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

"रात में उठा ले गये, बिटिया," श्रीराम म्हणाला. "आपकी भी बहुत देर घुर्र-घुर्र की... चालू ही नहीं हुई."

मी बोनेट उघडलं. काळं टोपण नीट बसवलेलं होतं. उचलून पाहिलं, तर आत रोटर नव्हता.

"श्रीराम भैया... इसे किसने खोला?"

"बाबूजी ने, और कौन?" तो पेला विसळत होता. "कल यही बखत आये थे. सफेद चादर ओढ़े, नंगे पाँव. हमने कहा, बाबूजी, इतनी ठंड में? बिटिया को भेज देते."

"फिर...?"

"बोले, उसके हाथ ठंड से सुन्न हो गये होंगे, इसीलिए रह गया. उसे कुछ मत कहना." त्याने मान वर केली. "अब तबियत ठीक है न उनकी?"

काल याच वेळी बाबांची चिता विझत आली होती. काकांना आणायला जायचंही मी विसरले. चहाही न घेता घराकडे वळले.

गल्लीत धुकं उतरलं होतं. दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या. माझ्यामागे ओल्या फरशीवर अनवाणी पावलं वाजत होती. मी थांबले की तीही थांबत. पेट्रोलचा वास येत होता, बाबांच्या हातांना यायचा तसा. मागे वळून पाहावंसं फार वाटलं... पण धीर झाला नाही. "चुकले हो बाबा," एवढंच मी पुढे बघत म्हणाले. पावलं आमच्या दारापर्यंत आली.

घरात शिरले आणि माझी नजर खुंटीवर गेली. सोमवारपासून पर्स तिथेच लटकत होती. तिला कुणी हात लावला नव्हता. मी मात्र बाबांना सांगितलं होतं, पर्समध्ये आहे.

"काय गं, काय शोधतेस?" आईने कंदील जवळ आणला. वीज गेली होती.

मी चेन उघडली. वह्यांच्या याद्या, कंगवा, शाळेची किल्ली. आणि तळाशी, नेहमीसारखा रुमालात गुंडाळलेला, रोटर.

मला रडू कोसळलं. आईने रुमाल हातात घेतला, कोपरा उलगडून निळा 'र' पाहिला.

"हा तर मी... त्यांच्या मुठीत..."

तिने तो गालाला लावला आणि तशीच उभी राहिली. मग माझ्या हातात दिला. घरातली फरशी बर्फासारखी गार होती, आमचे श्वास कंदिलासमोर धुरासारखे दिसत होते. रुमाल गरम होता.