फिकट बटणाचा गुन्हा

"माझ्या बापाला मीच पाडलं," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी हे माझ्या नावानिशी सगळ्यांसमोर लिहून टाकणार आहे. त्याआधी मला त्या माणसाच्या आईचे पाय धरायचे आहेत. तो माणूस कोण, एवढं शोधून द्या."

आत्यानं तिला आधी बसवलं, पाणी दिलं आणि पंख्याचा वेग कमी केला. चष्म्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत आत्याचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. तिची अर्धी हयात विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली होती, त्यामुळे रडणाऱ्या माणसासमोर ती कधी गडबडायची नाही. मदतीला भाचा होता. कोणी न विचारता प्रत्येक गोष्टीवर मत द्यायची खोड असल्यामुळे आत्या त्याला पंडित म्हणायची.

पंडितनं मात्र बाई बोलायच्या आधीच तिच्या हातातल्या मोबाईलवरचं ते फिकट हिरवं बटण ओळखलं होतं. त्यानं खुर्ची जरा मागे सरकवली.

बाई डिझायनर होती. म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं 'वेळेवर' नावाचं ॲप तिची कंपनी चालवत होती. गजर वाजला की गोळीचं चित्र येतं, गोळी घ्यायची आणि 'घेतली' हे बटण दाबायचं. पूर्वी ते बटण लालभडक होतं. डोळ्यांना त्रास नको म्हणून हिनं ते फिकट हिरवं केलं. नवीन रूप बाजारात आलं आणि त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली. न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, मांडीचं हाड मोडलं.

"आणि मग 'आईचा मुलगा' या नावानं कोणीतरी ऑनलाइन कट्ट्यावर लिहिलं," ती म्हणाली. "त्याच्या आईचंही तेच झालं म्हणून. बटण दिसत नाही, त्यामुळे गोळी घेतली तरी दाबलं जात नाही. मग गजर परत वाजतो आणि माणूस परत गोळी घेतो. पटण्यासारखंच आहे ना?"

"वडिलांचा मोबाईल कुठे आहे?"

"ऑफिसात. दादाकडे दिला, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमरकडे. त्यानं उघडून बघितला. ॲपमध्ये काही बिघाड नाही म्हणाला. बाबांनी बटण दाबलेलंच नाही." तिनं डोळे पुसले. "दादानं फार सांभाळून सांगितलं हो. मला वाईट वाटू नये म्हणून."

ती गेल्यावर आत्यानं पंडितला तो कट्टा उघडायला लावला.

शेकडो लोक एका बटणावर तुटून पडले होते. त्यातल्या निम्म्यांनी ते ॲप कधी उघडलंही नसावं. कोणी रंगशास्त्र शिकवत होतं, कोणी डिझायनर म्हणजे बिनकामाचे नटवे असं ठणकावत होतं, कोणी त्या बाईला तुरुंगात टाका म्हणत होतं. घरात आईला पाण्याचा पेला उचलून न देणारी माणसं जगातल्या समस्त आयांसाठी गळा काढत होती.

'आईचा मुलगा'नं पुराव्यादाखल आईच्या मोबाईलचा स्क्रीनशॉट टाकला होता. आत्यानं चष्मा नाकावर सरकवला.

"बॅटरी काठोकाठ भरलेली. चुकलेला कॉल एकही नाही. वर नेटवर्कच्या काड्या नाहीत. आणि अक्षरं बघ, मुंगीएवढी."

"असू दे ना आत्या. बटण फिकट आहे की नाही?"

"आहे बाबा. तुझंच खरं. खाली जा. अगदी तळाला, जिथं कोणी जात नाही."

लोकांनी नापसंतीचे अंगठे मारमारून तळाला ढकललेला एक मजकूर होता. 'गोंधळलेला' नावाच्या कोणीतरी लिहिला होता: "मोबाईल बंद पडून परत चालू झाला की गजर पुन्हा वाजतो. आमच्या आईकडे दोनदा झालं. अजून कोणाला अनुभव?"

खाली 'आईचा मुलगा'चं उत्तर: "विषय बटणाचा आहे. फाटे फोडू नका." आणि त्याखाली 'स्पष्टवक्ता' नावाच्या वीराचं: "मोबाईल झेपत नसेल तर पाटी-पेन्सिल वापरा." यावर लोक पोट धरधरून हसले होते.

"हा स्पष्टवक्ता कोण गाढव?" आत्यानं विचारलं.

"असेल कोणीतरी," पंडित म्हणाला. आणि त्या गाढवानं समोरचा पाण्याचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला.

दुपारी दोघं हॉस्पिटलात गेले. म्हातारा उशीला टेकून छताकडे बघत होता. पायाला वजन लावलेलं होतं.

"या," तो म्हणाला. "माझ्या मूर्खपणाची चौकशी ना?"

"नाही," आत्या म्हणाली. "नाश्ता झाल्यापासून काय काय झालं, तेवढं सांगा."

"गजर वाजला. गोळी घेतली. ते बटण दाबलं. मग पडद्यावर फूल आलं. पोरीनं केलंय ते. दाबलं की फूल उमलतं. मला आवडतं, म्हणून मी जरा बघत बसतो." म्हातारा ओशाळला. "मग मोबाईल मेला. चार्जिंग संपलं होतं. वायर लावली, चालू केला, तर हा पुन्हा बोंबलायला लागला. मी म्हटलं, मघाशी गोळी घेतल्याचं आठवतंय ते कालचं असेल. या वयात आपल्यापेक्षा यंत्रावर विश्वास जास्त. घेतली."

"मुलीला सांगितलंत हे?"

"ती येते, रडते, जाते. विचारलं कोणी?"

बाहेर आल्यावर पंडित म्हणाला, "म्हातारा लेकीला वाचवतोय. बटण दाबलंच नाही हे स्पष्ट आहे."

"तुझ्याइतकं स्पष्ट मला काहीच दिसत नाही, पंडित. चल."

कंपनीचं ऑफिस म्हणजे एकच लांब खोली. मालकाचा मोबाईल बोलता बोलता चार वेळा वाजला. पडद्यावर चुकलेल्या कॉलची रांग लागली होती.

"कट्ट्यावर आमची अब्रू गेलीय," तो म्हणाला. "सगळी माणसं बटणाच्या कामाला लावलीत. लाल, निळं, केशरी, सगळे रंग करून बघतोय. बाकीच्या दुरुस्त्या बंद. आणि तो 'आईचा मुलगा' आतलाच फितूर असेल तर मला नाव पाहिजे. बाईंनी स्वतःहून चूक कबूल केली की प्रकरण मिटेल. समजूतदार आहे पोरगी."

"तुम्ही सुचवलंत का कबूल करायला?"

मालकाला तेवढ्यात फोन आला.

टेस्टरबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. ॲप बाजारात जाण्याआधी तपासायचं काम त्यांचं. त्यांच्या टेबलावरच्या ऑफिसच्या मोबाईलवर अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी होती.

"अशीच ठेवते," त्या म्हणाल्या. "वापरणारे सगळे सत्तरीचे. आणि यात सिमकार्डही आहे. गजर वाजताना फोन आला तर काय होतं, ते बघावं लागतं ना."

"बंद करून चालू केला तर काय होतं, ते बघता का?"

टेस्टरबाईंनी टेबलावरची यादी जवळ ओढली. "तेवढा वेळच देत नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या. "यादीत नव्हतं ते."

"डिझायनरबाईंकडे असा मोबाईल आहे का?"

"छे. ती सगळं मॉनिटरवर काढते. तपासायचे मोबाईल दोनच. एक माझा, एक दादाचा. त्याच्यात सिमसुद्धा नाही."

प्रोग्रॅमर उठून उभा राहिला. मऊ आवाजाचा, दमलेल्या डोळ्यांचा माणूस. त्याचा मोबाईल वायरला लावून स्टँडवर ठेवलेला होता.

"बसा ना. चहा सांगू? ती कशी आहे? चार दिवस धड जेवलेली नाही."

"तुम्ही तिच्या वडिलांचा मोबाईल बघितलात?"

"हो. बिघाड काही नाही. बटण दाबल्याची नोंदच नाही."

आत्यानं स्टँडवरच्या मोबाईलकडे हात नेला.

"वायर काढू नका हं," तो पटकन म्हणाला. "म्हणजे, कायम लावलेलाच असतो. सवय आहे."

"अक्षरं बारीक ठेवता."

"मोठी केली की ओळी तुटतात. मला बघवत नाही." तो हसला. हसताना त्यानं नजर चुकवली, पण पंडितला त्यात फक्त एक भला, लाजाळू माणूस दिसला.

संध्याकाळी आत्यानं सगळ्यांना त्याच खोलीत बसवलं. डिझायनरबाईच्या मोबाईलवर उद्याचा कबुलीजबाब लिहून तयार होता. मालक तो दोनदा वाचून समाधानानं मान हलवून बसला होता.

"पाठवू नकोस अजून," आत्या म्हणाली. "आधी मला एक सांगा. 'आईचा मुलगा'ची आई कोण?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"सत्तरीची बाई. तिच्या मोबाईलवर मुंगीएवढी अक्षरं. बॅटरी काठोकाठ. एकही चुकलेला कॉल नाही, आणि नेटवर्कही नाही, कारण मोबाईलमध्ये सिमच नाही. अशी आई मी पाहिलेली नाही. असा मोबाईल मात्र आज पाहिला. कायम वायरला लावलेला, कोणाचा फोन न येणारा. तो कोणाच्या आईचा नाही. तो ऑफिसातला तपासायचा मोबाईल आहे."

मालक उसळला. "म्हणजे आतलाच!"

"तुमचा मोबाईल नव्हे, त्यावर कॉलची जत्रा भरलीय. टेस्टरबाईंचाही नव्हे. त्यात सिम आहे आणि अक्षरं हत्तीएवढी आहेत. राहिला एक."

सगळ्यांची नजर स्टँडकडे गेली. डिझायनरबाई म्हणाली, "काहीतरीच काय! दादा कशाला माझ्याविरुद्ध लिहील?"

"तुझ्याविरुद्ध नाही लिहिलं त्यानं. स्वतःला वाचवायला लिहिलं. तुझे वडील म्हणतात, बटण दाबलं आणि फूल आलं. हा म्हणतो, दाबल्याची नोंदच नाही. फूल कधी येतं?"

"बटण लागलं तरच," ती पुटपुटली.

"मग बटण दिसलंही आणि दाबलंही. रंगाचा संबंध संपला. त्यानंतर मोबाईल बंद पडला, चालू केला आणि गजर पुन्हा झाला. कट्ट्यावर हे एकानंच लिहिलं होतं. लगेच 'आईचा मुलगा' धावत आला, विषय बटणाचा आहे म्हणून. खरोखरच आई पडली असती, तर मुलगा म्हणाला असता, काय सांगता? आणखी सांगा! याला काही ऐकायचंच नव्हतं. पंडित, काढ ती वायर."

पंडितनं वायर काढली. आत्यानं गोळीची वेळ लावली. गजर झाला. तिनं 'घेतली' दाबलं. पडद्यावर फूल उमललं. तिनं मोबाईल बंद केला आणि पुन्हा चालू केला.

सगळे पडद्याकडे वाकले.

गजर वाजला.

तो वाजत राहिला. बंद करायला एकही हात पुढे गेला नाही. शेवटी प्रोग्रॅमरनंच तो थांबवला आणि तो खुर्चीत बसला.

"तिनं बाबांचा मोबाईल माझ्याच हातात दिला," तो म्हणाला. "म्हणाली, दादा, तूच बघ, दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही. मी बघितलं. मोबाईल बंद झाला की नोंद पुसली जाते. माझीच चूक. मला वाटलं, पुढच्या दुरुस्तीत गुपचूप नीट करून टाकीन. तोपर्यंत लोकांनी बटणावर बोलावं. दोन दिवस बोलतील आणि विसरतील."

"आणि ते विसरले नाहीत," आत्या म्हणाली.

"विसरले नाहीत. मग साहेबांनी सगळी कामं थांबवून रंग बदलायला बसवलं. माझी दुरुस्ती तशीच पडून आहे. मी पेटवलेल्या भांडणानंच ती अडवली." त्यानं तोंड झाकलं. "रोज हिला चहा आणून देत होतो मी. रोज."

"म्हणजे अजूनही..." टेस्टरबाई म्हणाल्या. "इतक्या लोकांच्या घरी, आत्तासुद्धा..."

"लिही," डिझायनरबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आता. "माफीबिफी नको. मोबाईल बंद पडून परत गजर वाजला तर गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा, असं लिही. तुझ्या खऱ्या नावानं. आणि साहेब, सगळ्या मोबाईलवर हाच निरोप पाठवा, आत्ताच्या आत्ता."

मालक काहीतरी अब्रूबद्दल बोलू लागला. आत्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं मोबाईल हातात घेतला.

निरोप गेला. प्रोग्रॅमरच्या कबुलीखाली कट्ट्यावरचं पहिलं उत्तर आलं: "ते ठीक आहे, पण बटण फिकटच आहे." दुसऱ्यानं लिहिलं, प्रोग्रॅमर लोक म्हणजे बिनकामाचे. झालं, नवं भांडण सुरू.

पंडित जिन्यात जाऊन बसला. त्यानं 'गोंधळलेला'ला लिहिलं: "पाटी-पेन्सिल म्हणणारा मीच. तुमचं खरं होतं. मी हसलो नसतो तर कोणीतरी तुमचं वाचलं असतं."

उत्तर लगेच आलं. त्यात ना राग होता ना क्षमा. "आईनं आत्ताच दुसरी गोळी घेतली असावी, नक्की आठवत नाही म्हणते. काय करू?"

त्या कट्ट्यावर इतकी वर्षं काढलेल्या पंडितनं पहिल्यांदाच लिहिलं, "मला माहीत नाही." आणि पुढे: "तिला झोपवून ठेवा, उठू देऊ नका. डॉक्टरांना लगेच फोन करा. लागला नाही तर माझा नंबर देतो, गाडी घेऊन येतो."

फोन लागला, 'गोंधळलेला'नं कळवलं. डॉक्टरांनी आईला घेऊन यायला सांगितलं. पंडित उठला तेव्हा मागे आत्या उभी होती. तिनं सगळं वाचलं होतं. तिनं गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. तिनं एखादा टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

डिझायनरबाई खाली उतरत होती. "मॅडम, मी सुटले म्हणायचं का?"

"बटणातून सुटलीस."

"आणि बाकी?"

"कट्ट्यावरची किती माणसं वाचलीस तू?"

"सगळी. एकूण एक."

आत्यानं हॉस्पिटलच्या दिशेनं बघितलं. बाईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती रिक्षात बसली.

हॉस्पिटलात म्हातारा जागाच होता. तिनं पलंगाजवळ स्टूल ओढलं. मोबाईल पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली.

"बाबा, त्या दिवशी काय झालं?"

म्हाताऱ्यानं मान तिच्याकडे वळवली.

"आज विचारतेस होय?" तो म्हणाला.

तिला मान वर करता येईना.