जांभईतला हात

बघितलं! एदुविहेसनं या डोळ्यांनी बघितलं!... लकव्यानं चार महिने लुळा पडलेला तिच्या धाकट्या भावाचा, एवारिस्तोचा, डावा हात जांभई देताना झोकात वर उठला, आणि तोंड मिटताच धप्पकन मांडीवर पडला!

सोंगाड्या मेला! वीस वर्षं बारांकियाच्या कार्निव्हलात शेवटच्या दिवशी ज्याची खोटी प्रेतयात्रा काढून सण संपवतात, तो मेलेला होसेलितो हाच व्हायचा. तिरडीवर असा पडायचा की पोरांनी चिमटे काढले तरी पापणी हलायची नाही! आणि त्याची विधवा होऊन गळा काढायची हीच, त्याची ताई!

हात आडवा येतो का बघायला तिनं हळूच त्याच्या डावीकडून आंबा फेकला. आंबा थेट नाकावर बसला.

"आई गं! मारतेस काय?"

हेही सोंगच! याच्यापायी तिनं तळणाची गाडी बंद केली, तिकडे सांता मार्ता गावी लग्नासाठी थांबलेल्या निकानोरला 'येत नाही' म्हणून कळवलं... तिनं बॅग भरून दाराशी आपटली. आज सोंग उघडं पडलं की संध्याकाळच्या बसनं चालू पडायचं!

दहाला व्यायाम करून घेणारी नूरिस आली. तिच्या कानात एदुविहेसनं सगळं ओतलं.

"एवारिस्तो, हात उचला," नूरिस म्हणाली. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, घाम फुटला... हात ढिम्म!

"वा! आता प्राणही सोड, सवय आहे तुला!"

नूरिसनं मुद्दाम ही भलीमोठी जांभई दिली. एवारिस्तोनं ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आलं, पण जांभई आलीच, आणि हात वर निघाला.

"थांबवा! तिथंच धरा! खाली घ्या!" नूरिस ओरडली. हात कुणाचंच ऐकेना. जांभई संपली तेव्हाच पडला.

"ताई, आपल्या मर्जीनं सुरू करता येतो, मधेच थांबवता येतो, तोच हात आपल्या ताब्यातला. हा जांभईनं उचललेला, त्यांनी नाही. लकव्यात होतं काहींना असं," नूरिस म्हणाली.

एदुविहेस भावाकडे वळली... "मग मला सांगायचं नाही का रे?"

"मढ्याचं सोंग घेणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतंय, ताई? चार महिने उशीत तोंड खुपसून जांभया देतोय... तू बघितलंस तर निघून जाशील म्हणून..."

वीस वर्षं त्याच्या खोट्या मढ्यावर गल्ली डोक्यावर घेणाऱ्या तिच्या तोंडून आज आवाजच फुटेना. नुसतं पाणी गळत होतं.

"अगं, जरा मोठ्यानं रड की! विधवा शोभत नाहीस!"

तिनं पायानंच बॅग खाटेखाली ढकलली, त्याचा लुळा हात छातीशी घट्ट धरला.

"निकानोरला कळवते, इथंच येऊन राहा म्हणून. आणि तू... जांभई आली की मोकळी देत जा, गाढवा!"