लेखकाने आता उभं राहावं

गुगोच्या वेलाची साल ठेचून कोमट पाण्यात कुस्करली की तिला फेस येतो. डोळ्यांत गेला तर झोंबतो, म्हणून न्हाऊ घालताना कपाळावर आडवा हात धरायचा.

*

नववीच्या पुस्तकातला प्रश्न : लेखिकेने आपल्या आईची सेवा कशी केली? गाइडातलं उत्तर : लेखिका एकुलती एक मुलगी असल्यामुळे...

*

“आई बरी आहे गं. सकाळी पेज मागून घेतली. तू आधी कादंबरी पुरी कर, मग ये.” इलोइलोच्या घरून मनिलाला फोनवर हे सांगणारीने रिसीव्हर मानेत दाबून धरला होता, कारण तिचे दोन्ही हात आईला सावरण्यात गुंतले होते.

*

लेखन-शिबिराचा नियम : हस्तलिखितावर नाव नसतं. चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. चर्चा संपली की त्याने उभं राहायचं.

*

“मानांग, तुमच्या बहिणीच्या कादंबऱ्यांपेक्षा तुमचं हे कालवणच जास्त टिकणार बघा!” म्हातारे कवी आन्सेल्मो बोटं चाटत म्हणाले आणि सगळं शिबिर हसलं. मर्लिंदाही हसली. काळ्या तुरीत फणस घालून केलेलं डुकराचं कालवण रेमेदियोस दर वर्षी आणायची. थोरली बहीण म्हणून मर्लिंदा तिला मानांग म्हणायची आणि ती धाकटीला इंदाय; मग सारं शिबिरच तिला मानांग म्हणू लागलं. ती वाढायची, भांडी आवरायची आणि मागच्या रांगेत जाऊन बसायची. ती तिथे का बसते, असं कधी कुणी विचारलं नाही.

मर्लिंदाची कीर्ती मोठी होती... कादंबऱ्या, निबंध, मनिलाच्या विद्यापीठात लेखन शिकवण्यात गेलेली उमर, आणि निवृत्तीनंतर आपल्या गावी येऊन चालवलेलं हे शिबिर! पण तिला घराघरांत नेलं ते एका निबंधाने. आईच्या अखेरच्या दिवसांवरच्या, नववीच्या पुस्तकात लागलेल्या. त्यात लेखिका आईचे केस गुगोने धुते, तिला पेज भरवते, तिच्या उशाशी बसून राहते.

यातलं एकही काम मर्लिंदाने केलं नव्हतं. ती आली तेव्हा घरात शवपेटीभोवती मेणबत्त्या लागल्या होत्या.

“निबंधात ‘मी’ म्हटलं की वाचक जवळ येतो, मानांग,” छापून आल्यावर ती म्हणाली होती. “तू रागावली नाहीस ना?”

“मी कशाला रागावू? छान लिहिलंयस.”

आणि खरंच, रेमेदियोस रागावली नव्हती. इतकी वर्षं ती आपल्या मनाला तसं बजावत आली होती! पण यंदा शेजारची पोर ओसरीवर बसून मोठमोठ्याने गाइड घोकायला लागली... एकुलती एक मुलगी, एकुलती एक मुलगी... आणि रेमेदियोसला राहवेना.

“नाही गं बाळ, दोघी होत्या.”

“पुस्तकात असंच आहे, आजी. दोघी लिहिलं तर मार्क जातील.”

तेव्हा ती लिहायला बसली. शिबिराचा एक दिवस गावकऱ्यांसाठी असायचा. त्या दिवसासाठी ठेवलेल्या पेटीत तिने आपली पानं टाकली. तिला नाव नको होतं. इंदायने एकदा, फक्त एकदा वाचून म्हणावं... हो, असंच झालं होतं. बस्स.

पानं चर्चेला आली. मर्लिंदाने चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि तिचा चेहरा लाल झाला.

“हे माझं आहे,” ती म्हणाली. “गुगो माझी, पेज माझी, कपाळावरचा हातसुद्धा माझा! ज्याने कुणी लिहिलंय त्याला लाज वाटायला हवी. दुसऱ्याच्या आईचं मरण चोरताय तुम्ही?”

मागच्या रांगेत रेमेदियोसने मांडीवरचं फडकं मुठीत आवळलं. बोलायचं नाही. नियमच तो.

“आणि शेवट? शेवट तर खोटाच! आई थोरलीला धाकटी समजते आणि थोरली तिची समजूत मोडत नाही. अशी माणसं असतात? स्वतःच्या आईच्या शेवटच्या घटकेला कोण आपलं नाव असं टाकून देईल? ऐका, वाचूनच दाखवते...” आणि ती तावातावाने वाचू लागली. “‘आईने डोळे उघडले. माझा हात धरून म्हणाली, आलीस होय गं, पिस्पिस? मी म्हटलं, हो आई, आले...’”

आवाज थांबला.

पिस्पिस म्हणजे पाखरू. मनिलाला उडून गेलेल्या धाकटीला आई लाडाने त्या नावाने हाक मारायची, तेही घरातच. ते नाव मर्लिंदाने कुठल्याही निबंधात लिहिलं नव्हतं. ते जाणणारी तीनच माणसं होती, आणि त्यांतलं एक केव्हाच मातीत गेलं होतं!

“चर्चा संपली,” काहीच न कळलेले आन्सेल्मो म्हणाले. “लेखकाने आता उभं राहावं.”

मर्लिंदाने मागच्या रांगेकडे पाहिलं. रेमेदियोसचे डोळे भरले होते, पण तिने मान हलवली. अगदी हळू. नको. इतक्या मुलांसमोर नको, इंदाय...

कुणी उठेना. मुलं इकडेतिकडे पाहू लागली. आणि मग मर्लिंदाच उठली. तिला कबूल करायचं होतं... पण त्या खोलीत उभं राहण्याचा एकच अर्थ होता! मुलांना वाटलं, बाईंनी स्वतःचंच लेखन पेटीत टाकून आपली परीक्षा घेतली. टाळ्यांचा कडकडाट झाला. “वा, बाई! काय फसवलंत!” ती हात हलवत होती, नाही, नाही म्हणत होती, आणि टाळ्या वाढतच होत्या. थोरलीचं जे होतं ते पुन्हा एकदा धाकटीच्या ओंजळीत पडलं होतं.

ती खुर्च्या सरकवत मागे आली आणि बहिणीच्या पायाशी जमिनीवर बसली. टाळ्या एकेक करून विझल्या.

“ऊठ, मानांग.”

“अगं, खाली कशाला बसतेस? मुलं बघतायत.”

“बघू देत! ऊठ ना गं...” मर्लिंदाला हुंदका आवरेना. “तू मला सांगितलं होतंस, आईला शेवटी माझी आठवण आली म्हणून.”

“आलीच की.”

“आणि तू? तुला तिने काहीच...? तुला हाक नाही मारली?”

रेमेदियोसने फडक्याने तिचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

“तिला तूच हवी होतीस, इंदाय. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.”

मर्लिंदाने तिचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. म्हाताऱ्या गुडघ्यांना वेळ लागला. पण रेमेदियोस उभी राहिली. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

*

मर्लिंदा जन्मली तेव्हा आईची शुद्ध हरपली होती. बाळाला पहिल्यांदा उचलून घेतलं ते रेमेदियोसने.